काड रानात की गोठ्यात? मेक्सिकोतील एल बातानच्या मका प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

मक्याची कणसे मोडून झाली की उभ्या ताटांचे काय करायचे, या प्रश्नाला सिल्लोड-कन्नडकडचा शेतकरी आणि मध्य मेक्सिकोच्या पठारावरचा शेतकरी जवळजवळ एकच उत्तर देत आले आहेत. चांगली ताटे कापून जनावरांसाठी न्यायची किंवा विकायची, मोकळ्या रानात गुरे सोडायची, आणि त्यानंतरही जे उरेल ते नांगराखाली घालायचे किंवा पेटवून द्यायचे. या पद्धतीतल्या प्रत्येक पायरीला स्वतःचे कारण आहे आणि म्हणूनच ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. परंतु तिची किंमत जमीन किती चुकवते, आणि ताटांचा किती वाटा रानात ठेवला तर ती किंमत कमी होते, हे मोजायचे असेल तर एकाच मातीवर आणि एकाच पावसात निरनिराळ्या पद्धती वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी चालवून पाहाव्या लागतात. असे मोजमाप एल बातान येथे झाले, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष ‘नांगरट सोडा, जमीन सुधारेल’ या आता बऱ्याच ठिकाणी ऐकू येणाऱ्या सल्ल्याला एक कठोर अट घालतो.

परिस्थिती

एल बातान हे ठिकाण मेक्सिको सिटीच्या ईशान्येस, तेश्कोको शहराजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. सिमिट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राचे मुख्यालय तेथेच आहे. १९६० च्या दशकात भारतात आलेले बुटके गहू ज्या कार्यक्रमातून तयार झाले, त्या नॉर्मन बोरलॉग यांच्या कामाचा वारसा या संस्थेकडे असल्याने तिचे नाव आपल्याकडे नवे असले तरी नाते जुने आहे.

तेथील वार्षिक पाऊस सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास असून त्यातला सुमारे ५२० मिलिमीटर मे ते ऑक्टोबर या काळात पडतो. हा आकडा मराठवाड्यातल्या वाचकाला ओळखीचा वाटेल, आणि पावसाची तऱ्हाही तशीच आहे: थोडा वेळ पण जोरात कोसळणाऱ्या सरी, आणि दोन सरींच्या मध्ये पिकाला ताण देणारी उघडीप. त्या हवामानात वर्षभरात जमीन आणि पीक मिळून जितके पाणी हवेत उडवू शकतात ते सुमारे १,९०० मिलिमीटर भरते, म्हणजे पडणाऱ्या पावसाच्या तिपटीहून जास्त. माती मात्र हलकी किंवा मुरमाड नाही. ती खोल, बारीक पोताची आणि मुळात चांगली आहे. त्यामुळे या प्रकरणात अडचण निकस जमिनीची नव्हती. पडलेला पाऊस मातीत मुरतो किती आणि मुरलेला टिकतो किती, यावरच मक्याचे उत्पादन ठरत होते. त्या टापूतील शेतकऱ्यांची रूढ पद्धत म्हणजे पेरणीपूर्वीची जड मशागत, त्याच रानात पुन्हा पुन्हा एकच पीक, आणि काढणीनंतर चाऱ्यासाठी काड उचलून नेणे.

प्रयोग १९९१ साली सुरू झाला. त्यात तीन गोष्टी बदलून पाहण्यात आल्या: पीक सलग मक्याचे किंवा सलग गव्हाचे ठेवायचे की दोन्हींची फेरपालट करायची, जमीन नेहमीप्रमाणे नांगरायची, मुळीच नांगरायची नाही, की कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर पेरायचे, आणि पिकाचे काड सगळे ठेवायचे, अंशतः ठेवायचे की सगळे उचलायचे. प्रत्येक तुकडा साडेसात मीटर रुंद आणि २२ मीटर लांब होता. मका ७५ सेंटिमीटर अंतराच्या ओळींत, हेक्टरी ६०,००० रोपे या हिशेबाने, पावसाची सुरुवात पाहून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पेरला जाई. दोन्ही पिकांना हेक्टरी १२० किलो नत्र युरियातून मिळे, मक्याला ते पाच-सहा पानांवर असताना दिले जाई, आणि पाणी केवळ पावसाचे. तणांचा बंदोबस्त तणनाशकांनी केला जात असे. ही शेवटची बाब विसरता कामा नये, कारण बिननांगरटीच्या शेतीतले तण हा स्वतंत्र आणि खर्चिक प्रश्न असतो, आणि या प्रयोगाने तो बाजूला ठेवूनच पुढची उत्तरे शोधली आहेत.

या कामाशी केन सायर आणि ब्राम गोव्हार्ट्स या दोन शास्त्रज्ञांची नावे जोडलेली आहेत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात त्यांनी पुढील चित्र मांडले. नांगरट नाही, पिकांची फेरपालट आहे आणि पुरेसे काड रानात आहे, अशा व्यवस्थेत मक्याचे सरासरी उत्पादन हेक्टरी ५,२८५ किलो आले. रूढ पद्धतीत, म्हणजे जड मशागत, एकच पीक आणि काड उचललेले, ते ३,५७० किलो होते. आपल्या हिशेबात सांगायचे तर एकरी सुमारे साडेचौदा क्विंटलच्या जागी एकवीस क्विंटलांहून थोडे अधिक. गव्हात हाच फरक ४,४१४ आणि ५,५९१ किलो असा होता. नांगरलेल्या तुकड्यांत काड मातीत गाडले काय किंवा उचलून नेले काय, उत्पादन मधल्याच पातळीवर राहिले. काड गाडले की जमीन सुधारते या आपल्याकडच्या सार्वत्रिक समजुतीला हे निरीक्षण थोडे अडचणीचे आहे. गाडल्याने काही फायदाच होत नाही असे त्यावरून ठरत नाही. परंतु या पावसात आणि या मातीत काडाचे खरे काम पृष्ठभागावर होते, आणि नांगराने ते काम काडाकडून काढून घेतले होते.

उघडे रान का फसले

सर्वांत वाईट निकाल नांगरलेल्या रानाचा नव्हता. नांगरट थांबवली आणि काडही उचलून नेले, त्या तुकड्यांतले उत्पादन फारच घसरले. सलग गव्हाचा तुकडा तेवढा याला काहीसा अपवाद ठरला. आपल्याकडे ‘शून्य मशागत करून पाहिली, काही उपयोग झाला नाही’ असे जे शेतकरी सांगतात, त्यांच्यापैकी बरेच जण नकळत हीच पद्धत राबवीत असतात. नांगराचा खर्च वाचतो म्हणून नांगरट थांबते, पण ताटे पूर्वीप्रमाणेच गोठ्याकडे जातात. त्यामुळे या अपयशाकडे जरा जवळून पाहिले पाहिजे.

नांगर काही वाईट हेतूने चालवला जात नाही. दरवर्षी दबलेली, पापुद्रा धरलेली माती तो मोडतो, आणि पहिल्या काही पावसांपुरती का होईना, पाण्याला आत शिरायला वाट करून देतो. ही मदत थांबवायची तर तिच्या जागी दुसरे काहीतरी हवे. उघड्या जमिनीवर जोराची सर पडते तेव्हा थेंबाच्या माऱ्याने ढेकळांवरचे आणि कणसमूहांवरचे बारीक कण सुटतात, पाण्याबरोबर सरकतात आणि मातीच्या तोंडाशी असलेली छिद्रे बुजवतात. ऊन पडले की तिथे एक-दोन मिलिमीटर जाडीचा घट्ट थर तयार होतो, जो नखाने उचलला तर पापडासारखा निघतो. पुढच्या सरीचे पाणी या थरावरून वाहून जाते, खाली ओल पोहोचत नाही, आणि उगवणारा कोंबही त्याला डोके आपटत राहतो. नांगरलेल्या रानात हा थर पुढच्या मशागतीत मोडतो. बिननांगरटीच्या उघड्या रानात तो वर्षामागून वर्षे पक्का होत जातो. एल बातानच्या अशा तुकड्यांत पाणी मुरण्याचे प्रमाण कमी आढळले, मातीच्या कणसमूहांची टिकाऊ शक्ती घटलेली दिसली, आणि पिकाची वाढही एकसारखी राहिली नाही.

काड पृष्ठभागावर असले की थेंबाचा मार काडावर पडतो. वाहणाऱ्या पाण्याला जागोजागी अडथळा होतो आणि त्याला मुरायला वेळ मिळतो. सावलीमुळे मातीवरून उडणारी ओल कमी होते, आणि काड खालून कुजत असताना बुरशीचे धागे व जिवाणूंचा चिकट स्राव मातीचे कण बांधून ठेवतात. गांडुळांना अन्न आणि आडोसा मिळतो. मशागत नसल्याने त्यांची बिळे आणि मागील पिकाच्या मुळांनी सोडलेल्या वाटा मोडत नाहीत. थोडक्यात, नांगर जे काम बाहेरून करत होता ते इथे आतून होऊ लागते, पण त्यासाठी काडाचा पुरवठा चालू राहावा लागतो. काड राखलेल्या बिननांगरटीच्या तुकड्यांत वरच्या थरातील सेंद्रिय कर्बही जास्त आढळला.

याचा खरा कस लागला तो २००९ साली. त्या हंगामात मका वाढीच्या अवस्थेत असतानाच लांब उघडीप पडली. काड राखलेल्या बिननांगरटीच्या तुकड्यांत ओल टिकून राहिली, आणि त्यांच्यात व काड उचललेल्या बिननांगरटीच्या तुकड्यांत हेक्टरी चार टनांहून अधिक तफावत दिसून आली. चांगल्या पावसाच्या वर्षी हा फरक इतका ठळक नसतो. माझ्या मते कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने सरासरीतल्या वाढीपेक्षा हे जास्त मोलाचे आहे, कारण कर्ज थकते ते सरासरी वर्षात नव्हे, अशाच वर्षात थकते.

पहिली पाच वर्षे आणि नत्राचा हिशेब

हा फायदा लगेच दिसला नाही. सुमारे पाच वर्षे गेल्यानंतर काड राखलेली बिननांगरट इतरांच्या स्पष्ट पुढे गेली. भाडेपट्ट्याने किंवा वाट्याने जमीन कसणाऱ्यासाठी एवढी एकच बाब नकाराला पुरेशी आहे, आणि त्यात त्याचा दोषही नाही. पुढच्या वर्षी जमीन आपल्याकडे राहील याची खात्री नसताना दुसऱ्याच्या मातीत पाच वर्षांची गुंतवणूक कोण करील?

उशीर का होतो, याची दोन कारणे आहेत. पहिले हे की मातीची घडण नांगराने एका दिवसात मोडते, पण जमायला वर्षे लागतात. दुसरे कारण नत्राचे आहे आणि ते आकड्यांत मांडता येते. वाळलेल्या मक्याच्या ताटांच्या एका टनात कर्ब साधारण ४५० किलो आणि नत्र सहा ते आठ किलो असते; म्हणजे एका किलो नत्रामागे साठ-पासष्ट किलो कर्ब. काड कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना मात्र चोवीस-पंचवीस किलो कर्बामागे एक किलो नत्र लागते. ४५० किलो कर्ब पचवायला त्यांना अठरा-एकोणीस किलो नत्र हवे, आणि ताटांतून मिळते सात किलो. उरलेले अकरा-बारा किलो ते मातीतून उचलतात, म्हणजे थेट पिकाच्या तोंडचा घास. काड बारीक करून मातीत मिसळले तर ही उचल थोड्याच आठवड्यांत होते आणि नेमका त्याच वेळी उभा असलेला मका पिवळा पडतो. काड पृष्ठभागावर राहिले तर त्याचा जमिनीला टेकलेला भागच ओला राहतो आणि तेवढाच कुजतो, त्यामुळे उचल हळूहळू होते. तरीही सुरुवातीच्या हंगामांत ती जाणवतेच. हे नत्र कायमचे जात नाही. सूक्ष्मजीव मरतात तसे ते पुन्हा मोकळे होते, आणि दरवर्षी काड पडत राहिले की काही वर्षांनी येणे-जाणे सारखे होते. तोपर्यंत खताची मात्रा कमी करण्याची घाई करू नये, आणि युरिया काडावर फेकण्याऐवजी काडाखाली, ओळीलगत, मातीत द्यावा, कारण काडावर पडलेल्या युरियातले बरेचसे नत्र अमोनिया होऊन उडून जाते.

पालाशची गोष्ट उलट आहे. मक्याच्या पिकाने घेतलेल्या पालाशचा मोठा भाग दाण्यात न जाता ताटांतच राहतो, एका टनामागे साधारण पंधरा ते वीस किलो, आणि तो कुजण्याची वाट न पाहता पावसाच्या पाण्याबरोबर काडातून धुऊन मातीत उतरतो. हेक्टरी पाच टन ताटे उचलली की ७५ ते १०० किलो पालाश बांधाबाहेर जाते. आपल्या काळ्या जमिनीत पालाशचा साठा मुळात भरपूर असल्याने ही गळती वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. त्या ताटांवर पोसलेल्या जनावरांचे शेण त्याच रानात परतले तर हिशेब बराच भरून निघतो. चारा विकला तर निघत नाही.

गोठ्याचा वाटा

इथपर्यंतचे सगळे ऐकून जनावरे पाळणारा शेतकरी म्हणेल की हे पटले, पण फेब्रुवारी ते जून या काळात म्हशीला काय घालू? मेक्सिकोतल्या छोट्या शेतकऱ्याचाही प्रश्न हाच होता, आणि प्रयोगातला सर्वांत उपयोगी निष्कर्ष, माझ्या दृष्टीने, याच प्रश्नाशी जोडलेला आहे. काडाचा काही भाग काढून नेला आणि उरलेला बिननांगरटीच्या रानात ठेवला, तेव्हा उत्पादन सगळे काड राखल्याच्या बरोबरीचे आले. मक्यात सरासरी ५,८६८ किलो आणि गव्हात ५,२५० किलो. मक्याचा आकडा वरच्या ५,२८५ पेक्षा मोठा दिसतो म्हणून काड काढल्याने उत्पादन वाढते असा अर्थ कोणी काढू नये. संशोधकांनी दोन्ही बाजू तुल्य मानल्या आहेत. मुद्दा एवढाच की जमिनीला सगळे काड लागत नाही. तिला झाकण्यापुरते लागते. कमीत कमी मशागत, काडाचे झाकण आणि फेरपालट यांवर उभ्या असलेल्या संवर्धित शेतीच्या व्याख्येत पेरणीनंतर किमान तीस टक्के जमीन झाकलेली असावी असा उंबरठा मानला जातो.

मक्याच्या बाबतीत ही वाटणी निसर्गतःच सोपी आहे. पाने आणि शेंड्याकडचा भाग जनावरे आवडीने खातात. बुडाकडचा दांडा जाड, लाकडासारखा आणि पचायला निकृष्ट असतो. अखंड ताटे टाकली तर गव्हाणीत हेच दांडे मागे उरतात. कुट्टी यंत्राने ही निवड जनावराच्या हातून काढून घेतली आणि बुडखेही पोटात जाऊ लागले. ताट गुडघ्याच्या उंचीवर किंवा त्याहून थोडे वर कापले तर चाऱ्याचे वजन घटते, पण पोषण त्या प्रमाणात घटत नाही, आणि रानात राहतो तो दांडा हळू कुजणारा, म्हणजे झाकण म्हणून जास्त काळ टिकणारा असतो.

इकडच्या रानांसाठी

एल बातानचे आकडे जसेच्या तसे इकडे आणता येणार नाहीत. तिथले वार्षिक सरासरी तापमान १४ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, वाळवी लागते, आणि जूनच्या ओलीत कुजण्याचा वेग तिथल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे तिथे जेवढे काड पेरणीपर्यंत टिकते तेवढे इथे टिकेलच असे नाही. दुसरे म्हणजे आपली भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि स्वतःच वरचा थर भुसभुशीत करते, म्हणून पापुद्र्याचा त्रास मध्यम व हलक्या जमिनींत जास्त आणि खोल काळ्या जमिनीत तुलनेने कमी असतो. भर पावसाळ्यात पाणी साचणे हा काळ्या जमिनीचा वेगळा प्रश्न असून तिथे सपाट बिननांगरटीपेक्षा गादीवाफा जास्त सोयीचा ठरतो. एल बातानला कायमच्या गादीवाफ्यांवर फेरपालट आणि काड यांच्या जोडीने उत्पादन बिननांगरटीच्या बरोबरीचे मिळाले, शिवाय तण काढणे आणि खत देणे यांत जास्त मोकळीक राहिली, ही बाब रुंद वरंबा सरीची सवय असलेल्या शेतकऱ्यासाठी महत्त्वाची आहे.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी मांडलेली आणि पुढे मका, कापूस, सोयाबीन अशा पिकांत गेलेली एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धत याच वाटेवरची आहे: गादीवाफे कायम, नांगरट बंद, आणि पिकाची मुळे व बुडखे जमिनीतच. मुळांमुळे मातीला आतून मिळणारा आधार त्यात मिळतो. पृष्ठभागावर किती झाकण उरते हे मात्र प्रत्येक शेतकरी ताट किती उंचीवर कापतो यावर अवलंबून राहते, आणि एल बातानचा धडा जिथे लागू पडतो ती जागा हीच आहे.

दोन अडचणी मोकळेपणाने नोंदवायला हव्यात. २०१८ मध्ये भारतात आलेली अमेरिकन लष्करी अळी मातीत कोषावस्थेत जाते, आणि ते कोष उघडे पडावेत म्हणून उन्हाळी खोल नांगरटीची शिफारस केली जाते. नांगर थांबवणाऱ्याने हे हत्यार आपण खाली ठेवतो आहोत हे ओळखून मक्यावर मका घेणे टाळावे, हरभऱ्यासारखे पीक मध्ये आणावे आणि कामगंध सापळे व पोंग्यांची पाहणी यांवर जास्त भर द्यावा. दुसरी अडचण चराईची. काढणीनंतर रान गावाचे होते. ज्याने बुडखे राखले त्याच्याच रानात गुरे आधी शिरतात, आणि मेंढ्या बसवून लेंडीखत घेण्याचा व्यवहार असेल तर काड मेंढ्यांच्या पोटात जाणार हे त्या व्यवहारातच गृहीत असते. लेंडीखत चांगलेच आहे, पण त्याने जमीन झाकली जात नाही. मेंढ्या पडीक किंवा झाकणाची गरज नसलेल्या तुकड्यात बसवायच्या आणि मक्याचे रान वगळायचे, हे मेंढपाळाशी आधी बोलून ठरवता येते. गावच्या गुरांचे तसे नसते, आणि एकट्याच्या कुंपणाने ते सुटतही नाही.

करून पाहायचे असेल तर सगळ्या शेतावर नको. मध्यम जमिनीचा, उताराकडचा एक तुकडा निवडावा, त्याचे दोन भाग करावेत आणि दोन्हींत ताटे गुडघ्याच्या वर कापावीत. एका भागात नेहमीची नांगरट करावी, दुसऱ्यात बुडखे तसेच ठेवून गादीवाफ्यावर पेरावे, आणि खत दोन्हीकडे सारखे द्यावे. पाऊस थांबून तीन दिवस उघडीप राहिली की दोन्हीकडे वीतभर खणून ओल कुठवर उतरली आहे ते पाहावे. दाण्याचे वजन दरवर्षी वेगळे लिहून ठेवावे, आणि पहिल्या दोन-तीन हंगामांच्या आकड्यांवर निर्णय करू नये.